सर्व्हेला निघालात? आधी विचारा, तरवा काढतं कोण

माझा पहिला सर्व्हे भाताचा होता, कॉलेजात असताना, गोव्यात तिसवाडी तालुक्यातल्या एका खाजन गावात (खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली खाडीकाठची शेतजमीन). चाळीस घरं फिरले, चाळीस फॉर्म भरले आणि त्यातल्या सदतीस फॉर्मांवर माहिती देणाऱ्याच्या जागी पुरुषाचं नाव. तेव्हा काही चुकतंय असं वाटलंच नाही, कारण फॉर्मवरच छापलेलं होतं 'कुटुंबप्रमुखाचे नाव', मग मी दारात उभी राहून कुटुंबप्रमुख मागायचे, तो यायचा, सोप्यावर बसायचा आणि आम्ही सुरू व्हायचो. एका घरात मी विचारलं, वायंगणाच्या (म्हणजे हिवाळी, दुसऱ्या पिकाच्या) भातातलं तण काढायला किती दिवस लागतात, तर ते गृहस्थ मान वळवून आत ओरडले, "गो, तण काडपाक कितले दीस लागतात?" आतून भांडी घासता घासता उत्तर आलं, "धा-बारा." त्यांनी मला सांगितलं, "बारा." आणि मी बारा लिहिलं, त्यांच्या नावावर.

आता शेतीवर, पाण्यावर, जंगलावर अभ्यास करायला निघालेली पोरं माझ्याकडे फॉर्म दाखवायला येतात तेव्हा त्यांना मी हा किस्सा आधी सांगते. कारण बहुतेकांना वाटतं की जेंडर म्हणजे शेवटच्या पानावर एक वेगळा चॅप्टर, किंवा ट्रेनिंगला किती बायका आल्या त्याचा आकडा. बायका येतात, चहा-समोसा खातात, सही करतात, फोटो निघतो, रिपोर्टात 'महिला सहभाग साठ टक्के' लागतं. त्या साठ टक्क्यांमुळे तुमच्या अभ्यासातला एक प्रश्न तरी बदलला का, एवढंच मी विचारते. नसेल बदलला तर समोसे फुकट गेले. (२०२६ हे वर्ष युनोने आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष म्हणून जाहीर केलंय, म्हणजे बॅनर आणि समोसे दोन्ही भरपूर.)

तर मग करायचं काय, ते जमेल तसं सांगते. क्रम थोडा पुढे-मागे होईल, सांभाळून घ्या.

प्रश्न ऑफिसात ठरवू नका

सगळा घोळ इथेच होतो. आपण गावात जातो तेव्हा विषय ठरलेला असतो, कॉलम ठरलेले असतात, मग बायकांना विचारलं काय आणि पुरुषांना विचारलं काय, उत्तरं त्या कॉलमातच बसवावी लागतात.

भाताचंच बघा. आपल्या खाजनात खारं पाणी शिरतं म्हणून कोरगुट हे जुनं बियाणं टिकून राहिलं, उंच वाढणारं, लाल तांदळाचं, उत्पन्न कमी पण खाऱ्या मातीत तग धरणारं. जुन्या गोव्याजवळ एला इथल्या आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्थेने याच कोरगुटातून निवड करून गोवा धान १ आणि गोवा धान २ काढली. काम चांगलंच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण तुम्ही उद्या एखाद्या नव्या वाणाची ट्रायल घेणार असाल आणि तुमच्या शीटवर हेक्टरी उत्पन्न, दिवस, उंची, खारेपणा सहन करणं, आडवं पडणं एवढंच असेल, तर हे सगळं झालं कापणीपर्यंतचं. कापणीनंतरचं भात कोणाच्या हातात जातं? उकडे तांदूळ करायला भात उकडतं कोण, वाळवतं कोण, गिरणीत पाठवायच्या आधी पाखडतं कोण? त्या बाईला विचारलंत तर ती म्हणेल उकडताना फुटतो का, पेज दाट होते का, कोठारात किती महिने राहतो, कीड लवकर लागते का, दाण्यावरची टोकदार कूस अंगाला टोचते का, आणि गवत गुरं खातात की नाही. यातला एकही मुद्दा नसताना वाण पास होतं, दोन वर्षं सबसिडीत वाटलं जातं आणि मग लोक परत ज्योती नाहीतर जया या नेहमीच्या वाणांकडे वळतात आणि आपण रिपोर्टात लिहितो 'शेतकऱ्यांमध्ये जागृतीचा अभाव'.

म्हणून पहिली फेरी फॉर्म न घेता करा. दोन दिवस द्या. बायकांचा एक गट, पुरुषांचा एक गट, वेगळे बसवा आणि एकच प्रश्न टाका: या पिकात तुमचं डोकं कशाने दुखतं? दोन्ही गटांची यादी शेजारी शेजारी ठेवा. पुरुषांच्या यादीत खताचा भाव, मजूर मिळत नाहीत, रानडुकरं, गवे, माकडं. बायकांच्या यादीत यातलं अर्धं असतंच, शिवाय पाठ, लाकडं, पाणी, उकडायला चूल, आणि बियाणाला भुंगा लागणं. दोन्ही याद्यांतून तुमचा प्रश्न बनवा आणि मग प्रपोजल लिहा. प्रपोजल आधीच पास झालं असेल (तसंच असतं बहुतेक), तर निदान कॉलम तरी वाढवा.

'शेती' हा शब्द मोडून काढा

'तुम्ही शेती करता का?' असं बाईला विचाराल तर ती म्हणेल, "हांव कितेंच करिना, घरांच आसतां" (मी काहीच करत नाही, घरीच असते). मी हे इतक्या वेळा ऐकलंय की आता हसू येतं, कारण बोलताना तिच्या हाताला चिखल असतो. ती खोटं नाही बोलत. शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर जमीन, कृषी कार्ड, जो सोसायटीत जातो तो, असंच तिला आणि आपल्यालाही शिकवलंय. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात शेतकऱ्याची व्याख्या चांगली रुंद केलेली आहे, त्यात कूळ, मजूर, गुराखी, मच्छीमार, वनोपज गोळा करणारे सगळे येतात, पण ती व्याख्या आपल्या फॉर्मापर्यंत पोचलीच नाही.

म्हणून शेती विचारू नका, काम विचारा. भाताचं करायचं तर शेणखत वाहणं, मेर बांधणं, नांगर किंवा पॉवर टिलर, तरवा (भाताची रोपं) घालणं, तरवा काढणं, लावणी, तण काढणं, पाणी बघणं, पाखरं राखणं, लुवणी (कापणी), मळणी, वारवणं, वाळवणं, उकडणं, बियाणं बाजूला काढून ठेवणं, विकणं. प्रत्येकासमोर चार कॉलम: बाई, पुरुष, दोघं, मजूर. मजूर असेल तर मजूर बाई की पुरुष. एवढं केलं तरी 'घरांच आसतां' म्हणणारीच्या नावासमोर सोळापैकी दहा-अकरा कामं येतात आणि ती स्वतःच बघून म्हणते, "अगो, इतकं?"

काजूचंही असंच. काजू म्हटलं की आपण झाड, उत्पन्न, बीचा भाव, आणि फार तर फेणी बघतो, फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला वगैरे. पण मार्च ते मे डोंगरावर पहाटे बोंडू (काजूची फळं) गोळा करणारी कोण, बोंडवातून बी पिळून वेगळी करणारी कोण, आणि भट्टीचं लायसन्स, हुर्राकाचं (काजूच्या पहिल्या, हलक्या दारूचं) गिऱ्हाईक, बीची पावती कोणाच्या हातात? कामाची यादी आणि पैशाची यादी वेगवेगळ्या कागदांवर करून एकमेकांवर ठेवा. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे तुमचा अभ्यास आहे.

वर्षाचं कॅलेंडर काढायला एक सोपी युक्ती सांगते. अंगणात चुन्याने बारा घरं आखा आणि सगळ्यांना मूठभर काजूच्या बिया द्या, ज्या महिन्यात काम जास्त तिथे जास्त बिया. लिहिता-वाचता येण्याची गरज नाही, म्हाताऱ्या बायकाही सरसावून खेळतात. आम्ही सत्तरी तालुक्यात केलं तेव्हा पुरुषांनी मे महिना जवळजवळ रिकामा ठेवला, शेत कोरडं म्हणून. बायकांनी मेमध्ये बियांचा ढीग केला, कारण काजू संपत आलेला, पुरुमेंताचं (पावसाळ्यासाठीच्या साठवणीचं) मीठ-मिरची-सोलं-सुकं मासळी भरायची, लाकडं पावसाआधी आत घ्यायची, विहीर खाली गेलेली, वर लग्नं आणि पोरांना सुट्टी. आता तुमचं गांडूळखताचं ट्रेनिंग मेमध्ये का फसतं ते कळलं असेल.

वेळेचा हिशेब देशभराचाही आहे. २०१९ च्या राष्ट्रीय टाइम यूज सर्व्हेत स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बाईची रोजची २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात गेली आणि तसं काम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ चा सर्व्हे आला त्यात २८९ आणि ८८. पाच वर्षांत दोघांचीही थोडी कमी झाली, मधलं अंतर मात्र जवळपास तेवढंच राहिलं. तुमची कुठलीही नवीन पद्धत, मग ती सेंद्रिय खत असो की मल्चिंग, या मिनिटांच्या वर जाऊन बसते हे लक्षात ठेवा, म्हणजे 'वेळ किती लागतो' हा कॉलम नंतर चिकटवावा लागणार नाही.

कोणाला विचारायचं

इथे गोव्याची एक खास गंमत आहे आणि बाहेरून आलेले संशोधक त्यात हमखास अडकतात. देशात इतरत्र पहिली तक्रार असते की जमीन बाईच्या नावावर नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिवाटदारांत बायका १४ टक्क्यांच्या आसपास होत्या. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालू असल्यामुळे लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी, आणि बायकोच्या सहीशिवाय नवरा जमीन विकू शकत नाही. त्यामुळे एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा म्हणा) बाईचं नाव दिसलं की संशोधक खूश होतो आणि 'मालकी: होय' अशी टिक मारतो. पण सहीला बोलावतात ती विकायच्या दिवशी. काय पेरायचं, कूळ कोणाला ठेवायचं, मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) मासळीचे पैसे कुठे गेले, हे त्या सहीत येत नाही. उलट कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक) जमिनीत गावकार म्हणजे हक्कदार सदस्य हे परंपरेने पुरुषाच्या वंशावळीने धरले जातात, तिथे कागद वेगळंच बोलतो. म्हणजे कागद बघा जरूर, पण कागदावर थांबू नका.

दुसरं, 'बायका' म्हणून एकच डबा करू नका. भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरातली वहिनी, कुळाची बायको, गावडा किंवा वेळीप आदिवासींच्या वाड्यावरची बाई, धनगर वस्तीवरची बाई, लावणीला परराज्यातून आलेली मजूर बाई, आणि सासू-सून, या सगळ्यांचं दुखणं वेगळं. एकदा मी महिला मंडळाच्या मीटिंगवर सगळा अभ्यास उभा केला आणि नंतर कळलं की वाड्यावरच्या ज्या बायका खरोखर लावणीला जातात त्या मंडळात नाहीतच, कारण मीटिंग दुपारी चारला आणि त्या सहापर्यंत शेतात. मग आता मी पहिल्या दिवशी पंचायतीत न जाता गावातून चालत फिरते, शेतात वाकलेल्या बायका कुठल्या वाड्यावरच्या ते विचारते आणि तिथून सुरुवात करते. अंगणवाडी सेविकेला विचारलं तर घरटी माहिती मिळते, पण तिच्यावर आधीच ढीगभर सर्व्हे लादलेले असतात, तेव्हा तिला राबवून घेऊ नका, पैसे द्या.

आणि तारवटींची (जहाजावर काम करणाऱ्यांची) घरं विसरू नका. नवरा जहाजावर नाहीतर गल्फात, घरात बाई आणि सासरे. फॉर्मवर कुटुंबप्रमुख म्हणून सासऱ्यांचं नाव येतं, शेत पडीक ठेवायचं की कोणाला करायला द्यायचं ते व्हॉट्सॲपवर ठरतं, आणि ट्रॅक्टरवाल्याला फोन करते ती सून. या घरांना वेगळा कोड द्या.

एका घरात शक्य असेल तर दोन फॉर्म भरा, नवऱ्याचा वेगळा, बायकोचा वेगळा, तेच प्रश्न, एकाच वेळी, वेगळ्या जागी. २०१२ मध्ये इफ्प्री (आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्था), ऑक्सफर्ड आणि अमेरिकेच्या यूएसएडने मिळून शेतीतल्या बायकांच्या सक्षमीकरणाचा जो इंडेक्स आणला त्यातही हेच करतात, उत्पादन, साधनं, मिळकत, नेतृत्व आणि वेळ या पाच बाबतींत एकाच घरातल्या बाईला आणि पुरुषाला वेगवेगळं विचारतात. आपल्याला तो आख्खा इंडेक्स लावायची गरज नाही, फार लांबलचक आहे, पण दोन फॉर्मांची सवय उचलण्यासारखी आहे. उत्तरं जुळली नाहीत की नवखी पोरं घाबरतात, डेटा खराब झाला म्हणून एक उत्तर खोडतात. खोडू नका! तो म्हणतो मिरचीचे पैसे आठ हजार, ती म्हणते चौदा, यात सहा हजारांची अख्खी गोष्ट आहे. मात्र ती गोष्ट त्याच्यासमोर उघडी करायची नाही. बाईने बाजूला ठेवलेले पैसे तुमच्या सर्व्हेमुळे सापडले तर तिचं जे होईल त्याला तुम्ही जबाबदार, म्हणून फॉर्मवर नाव नाही, नंबर टाका, आणि दोन्ही फॉर्म एकाच फाइलला पिन करून ठेवू नका.

निर्णय कोण घेतं, हा प्रश्न फेकून द्या

खरंच फेकून द्या. 'दोघं मिळून' हे उत्तर छापील असल्यासारखं येतं, आणि प्रत्येक सर्व्हेवाला 'निर्णय' या शब्दाचं कोंकणीत आपापल्या परीने काहीतरी वेगळंच करतो, एक जण विचारतो कोण ठरयता, दुसरा विचारतो घरांत कोणाचें चलता. या दुसऱ्या प्रश्नाला कुठली सून सासूसमोर उत्तर देईल? त्यापेक्षा शेवटच्या खेपेला काय झालं ते विचारा:

गेल्या वेळी बियाणं कुठून आलं आणि आणायला कोण गेलं?
कोणतं आणायचं यावर घरात वाद झाला का, शेवटी कोणाचं आणलं?
विकल्याचे पैसे पहिल्यांदा कोणाच्या हातात आले, त्यातले खर्चायला तुम्हाला कोणाला विचारावं लागलं?
कृषी खात्याचा माणूस आला होता तेव्हा तुम्ही कुठे होता?

शेवटच्या प्रश्नाला एका काकीने सांगितलं, "चहा करत होते." तेवढंच लिहिलं मी, आणि माझ्या अख्ख्या रिपोर्टात लोकांना तेवढंच लक्षात राहिलं.

प्रश्नपत्रिका मराठीत लिहा, हरकत नाही, पण कोंकणीत तोंडी कशी विचारायची ते सगळ्या टीमने एकत्र बसून ठरवा आणि रेकॉर्ड करून ऐका. पेडण्याची बोली, काणकोणची बोली आणि सासष्टीची बोली वेगळी, पिकांची नावंसुद्धा बदलतात. विचारणारी बाई असावी हे तर आलंच, पण फक्त बाई असून भागत नाही. मी शहरी ड्रेस घालून इंग्रजी शब्द फेकत होते तेव्हा माझ्यापेक्षा आमच्या ड्रायव्हरला बायकांनी जास्त सांगितलं.

वेळ: सकाळी जाऊ नका, काजूच्या दिवसांत तर अजिबात नाही. दुपारी जेवणं आटपून तीन-साडेतीनला बायका जरा टेकतात, पण मजूर बायकांना तेव्हाही नाही, त्यांना रविवार. चवथीच्या (गणपतीच्या) आधीचे आठ दिवस विसराच. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी भाजी, मिरची, रताळी घेऊन येणाऱ्या बायका गावात नसतात, पण तिथे बाजारात गेलात तर बार्देश-पेडण्याच्या कितीतरी गावांतल्या बायका एका ठिकाणी भेटतात, मात्र गिऱ्हाईक असताना तोंड बंद ठेवा आणि निघताना काहीतरी विकत घ्या.

खाजन, नदी आणि ओहोटीची वेळ

पर्यावरणवाले म्हणतात आमच्याकडे पाणी, माती, मासळी, त्यात कसलं आलंय जेंडर. माझं त्यांच्याशी फार भांडण होतं.

गोव्यात सुमारे १७-१८ हजार हेक्टर खाजन. बांध फुटला, खारं पाणी आत आलं, तर अभ्यास होतो भात किती गेलं याचा. पुरुषांना विचारलं की ते मानशीच्या लिलावाबद्दल बोलतात, कंत्राटदार मासळीसाठी दार उघडं ठेवतो आणि खारं पाणी आत येतं, हे खरं दुखणं आहे आणि ते नोंदवायलाच हवं. पण बायका काय सांगतात ते ऐका. विहिरीचं पाणी मचूळ झालं, आता नळाला पाणी नसेल त्या दिवशी लांब जावं लागतं. गुरांना गवत नाही म्हणून गाय विकली. वायंगणानंतर शेतात जी भाजी लावायची ती बंद, म्हणजे तिच्या हातातले बाजाराचे पैसे बंद. मेरेवरच्या पालेभाज्या गेल्या. नुकसानभरपाईचा फॉर्म भात मोजतो, यातलं काहीच मोजत नाही. तुम्ही बांधाचा अभ्यास करत असाल तर विहिरीचा खारेपणा मोजायचा पॉइंट बायकांनी दाखवलेल्या विहिरीवर ठेवा, तेवढ्याने अभ्यासाची दिशा बदलते.

नदीचंही तसंच. मासेमारी म्हणजे होडी, ट्रॉलर, जाळं, जेटी, आणि जेटीवर आलेल्या मासळीचा आकडा. झुआरीच्या काठावर ओहोटीला चिखलात वाकून तिसऱ्या, खुबे असे शिंपले काढणाऱ्या बायकांची मासळी जेटीवर येतच नाही, ती टोपलीतून थेट घरात नाहीतर दारोदार जाते, त्यामुळे कुठल्याच आकड्यात नाही. मग ते किनारे कोणीच वापरत नाही असं नकाशावर दिसतं आणि तिथे काहीतरी बांधकाम सुचवलं जातं. हे टाळायचं तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक घ्या आणि पाणी उतरतं त्या वेळी जा, मग ती सकाळची साडेपाच का असेना. कुठला खुबा कुठे कमी झाला, कुठल्या वर्षी पाण्याला वास यायला लागला, हे त्या बायका जागा दाखवून सांगतात. तुमचे सँपलिंग पॉइंट त्यांच्याबरोबर चालून ठरवा, जीपीएस तुमच्या हातात असतोच.

मशीन आलं की दोन प्रश्न

लावणीचं मशीन, ड्रम सीडर, कोनो वीडर, ब्रश कटर, काहीही ट्रायलला आणलं की मजूर किती वाचले एवढं मोजून थांबतात. माझा मशीनला विरोध नाही, माणसं मिळत नाहीत म्हणून कित्येक शेतं पड आहेत आणि वाकून लावणी करणाऱ्या बाईच्या पाठीला विचारलंत तर पाठ मशीनच्याच बाजूने बोलेल. पण वाचलेले मजूर कोण, हा पहिला प्रश्न. ज्या बायका लावणीवर चार पैसे कमावायच्या त्यांना आता तेवढे दिवस काय काम आहे, ते लिहा. दुसरा प्रश्न, मशीनमुळे नवीन काम कोणावर आलं? लावणीच्या मशीनला चटईसारखा तरवा लागतो, माती चाळा, ट्रे भरा, पाणी शिंपडा, आणि हे सगळं 'घरच्या घरी होतं' म्हणून खर्चात धरत नाहीत. घरच्या घरी म्हणजे कोण करतं ते आता तुम्हाला माहीत आहे.

आणि मशीन बाईच्या हातात देऊन बघा. हँडलची उंची, वजन, स्टार्ट करायला लागणारी ताकद, साडी किंवा गाऊन घालून चालवता येतं का. ओडिशात भुवनेश्वरला १९९६ साली सुरू झालेली आयसीएआरची महिला कृषी संस्था याच गोष्टींवर काम करते, बायकांच्या मापाची अवजारं वगैरे, त्यांचं साहित्य मागवा, चाकाचा शोध पुन्हा लावत बसू नका. फक्त एक विनंती. 'बायकांसाठी' म्हटलं की अळंबी, लोणचं, पापड आणि कागदी पिशव्या हे थांबवा. गावातली बाई मातीतला खारेपणा मोजायचं यंत्र मागत असेल तर तिला ते द्या, मशरूमची पिशवी देऊ नका.

बजेट

थोडक्यात. सर्व्हेला बसलेल्या मजूर बाईचा बुडालेला रोज द्या. मीटिंगला येणाऱ्या बायकांची लहान मुलं सांभाळायला कोणीतरी ठेवा, त्याचे पैसे धरा. टीममधल्या मुलींना संध्याकाळी शेवटची कदंब बस चुकली तर परतायची गाडी. या तीन ओळी प्रपोजलात सुरुवातीलाच टाका, नंतर अकाउंटवाले ऐकत नाहीत. कोणी विचारलं 'हे कशाला', तर सांगा सँपल बायस टाळायला, हा शब्द त्यांना कळतो.

परत जा

हे कोणीच करत नाही. अभ्यास झाला, पेपर छापला, गाव विसरलं. काणकोणच्या डोंगरउतारावरची खोलाची मिरची घ्या, जीआय मिळाला, नाव झालं. पण असं कुठलंही बियाणं वर्षानुवर्षं निवडून, वाळवून, राखून ठेवणारे हात कोणाचे ते तुमच्या पेपरात एका ओळीत तरी आलं का ते तपासा, आणि जीआयचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद होताना बायकांची नावं लागली का तेही विचारा.

परत जाताना रिपोर्ट नेऊ नका, कोणी वाचत नाही. एका मोठ्या कागदावर कॅलेंडर काढून न्या, चित्रांसकट, आणि बायकांसमोर अंगणात पसरा. आम्ही सत्तरीतलं ते काजूच्या बियांचं कॅलेंडर असंच रंगवून, लॅमिनेट करून नेलं होतं, मोठ्या ऐटीत. बायका बघत होत्या, हसत होत्या, आणि मग एक आजी काठी टेकत जवळ आली, फेब्रुवारीवर बोट ठेवून म्हणाली, "हांगा गोबर खंय आसा?" आम्ही शेण गोळा करणं, वाळवणं, टोपलीने शेतात वाहणं अख्खंच गाळलं होतं. तिथल्या तिथे लॅमिनेशनवर मार्करने लिहिलं. घरी येऊन डेटाशीट उघडली, तर वर सांगितलेली सोळा कामं तेव्हा पंधराच होती.